उरलेला पासपोर्ट

"काका, तुमच्या पाठीवर काहीतरी सांडलंय बघा."

बसस्थानकाच्या प्रतीक्षागृहात मागून आवाज आला तेव्हा मिस्त्री तिकिटावरची वेळ तिसऱ्यांदा वाचत होते. मागे नीटनेटक्या कपड्यांतलं एक जोडपं उभं होतं. बाईने पर्समधून रुमाल काढला, पुरुषाने पाण्याची बाटली उघडली. शर्टावरून पांढरट, चिकट काहीतरी ओघळत होतं. पुसायला सोपं जावं म्हणून मिस्त्रींनी खांद्यावरची बॅग पायाशी ठेवली. मिनिटभराचंच काम. जोडप्याचे आभार मानून ते खाली वाकले, तर हात फरशीला लागला.

तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी मुख्य स्विच बंद करायचा, स्विचच्या खोलीला कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, आणि तरीही एकदा परत जाऊन बघून यायचं. अशा माणसाची बॅग दिवसाढवळ्या, शंभर माणसांसमोर गेली होती.

ते दरवाजापर्यंत धावले. बाहेर सहा बस, रिक्षा, माणसंच माणसं. जोडपं कुठेच नव्हतं.

बायको स्वच्छतागृहातून आली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने एकच विचारलं, "पासपोर्ट?"

"त्यातच होता."

सकाळी पहिल्या सीमेवर तपासणी झाल्यावर तो गळ्यातल्या पिशवीत परत ठेवायचा त्यांनी कंटाळा केला होता. तिचा मात्र तिच्याजवळ होता. घरून निघताना 'दोन्ही माझ्याकडे दे' म्हणून ते मागे लागले होते, पण तिने काही दाद दिली नव्हती.

चौकीतला हवालदार बरा माणूस होता. त्याने मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो पाहिला, तक्रार लिहून घेतली.

"हा कागद घेऊन उद्या वकिलातीत जा. ते तात्पुरता दाखला देतील. पण त्यावर घरी परत जाता येईल, पुढे नाही."

"पाच तासांवर तर जायचंय, साहेब."

"पाच तास असू दे नाहीतर पाच मिनिटं. मध्ये सीमा आहे ना."

सीमेपलीकडे मिस्त्रींचा धाकटा भाऊ दवाखान्यात होता. नऊ वर्षं दोघं बोलले नव्हते. वडील गेले तेव्हा धाकटा वेळेत पोहोचला नाही, आणि मिस्त्रींनी फोनवर त्याला नको ते ऐकवलं होतं. गेल्या आठवड्यात त्याच्या शेजाऱ्याचा फोन आला. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितलेत. म्हणतोय, दादाला बोलवा.

बस चार चाळीसला सुटणार होती. चौकीतल्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

"मी जाते," बायको म्हणाली.

"तू? एकटी?"

"मग काय दोघांनी इथे बसून रडायचं? माझा पासपोर्ट आहे, तिकीट आहे."

"अगं, बँकेतसुद्धा मला सोबत नेतेस तू."

"बँकेत तुम्ही असता म्हणून नेते. नसता तेव्हा तोंड आहे मला. विचारत विचारत जाईन."

ते तिच्यामागून निघाले. तिची पिशवी उचलायला हात पुढे केला, पण ती आधीच तिच्या खांद्यावर होती. ड्रायव्हर इंजिन चालू करून बसला होता. पायरीवर पाय ठेवून ती वळली.

"भाऊजींना काय सांगू?"

मिस्त्रींनी तिच्या पिशवीची चेन ओढून नीट लावली.

"बरं, मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही वेळेवर जेवा. आणि परत कुणी पाठीवर काही सांडलं, तर सांडू द्या."

बस वळणाआड गेली तरी ते तिथेच उभे होते. तिच्याशिवाय आपण आणि आपल्याशिवाय ती, असा प्रवास एकदाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वकिलातीत त्यांचा नंबर सत्तेचाळीस होता. खिडकीवर एकेचाळीस चालू असताना फोन वाजला.

"रात्री उशिरा पोचले. सीमेवर अर्धा तास उभं केलं, पण सोडलं. दवाखान्यात सकाळीच आत घेतलं, आता भाऊजींच्या उशाशी बसलेय. फोन कानाला लावते त्यांच्या. बोला."

आधी नुसता श्वास ऐकू आला, घरघरणारा.

"दादा, आला नाहीस."

"येत होतो रे. निम्म्या वाटेवर आलो होतो."

"वहिनीने सांगितलं." तो हसला असावा, मग बराच वेळ खोकला. "एक विचारू? खरं सांग. बाबांनी शेवटी माझं नाव काढलं होतं का?"

नऊ वर्षांपूर्वी मिस्त्रींनी त्याला सांगितलं होतं, नाही, एकदाही नाही. चिडून, त्याला लागावं म्हणूनच सांगितलं होतं.

"सत्तेचाळीस," खिडकीतून पुकारा झाला. मधले बरेच जण आलेच नव्हते.

"रोज काढायचे," मिस्त्री म्हणाले. "दार वाजलं की म्हणायचे, बघ, तो आला. मी तुला खोटं बोललो होतो. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"सत्तेचाळीस नंबर आहेत का?"

शेजारच्या बाईंनी त्यांच्या हातातली चिठ्ठी पाहिली आणि खिडकीकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनी मान हलवली, पाय आत ओढून घेतले आणि त्यांना पुढे जायला वाट करून दिली.

"अजून सांग," पलीकडून आवाज आला. "काय काय म्हणायचे?"