आधी कोण उतरणार

हल्ली संध्याकाळी ती पडदे शिवायला बसली की आतल्या खोलीत विमानांची घरघर सुरू व्हायची. काही वेळाने एक विमान आपटल्याचा आवाज यायचा. मग बराच वेळ दुसऱ्याची एकट्याची घरघर, आणि शेवटी तेही पडायचं. मशीनवरून मान न उचलता तिला कळायचं, नवऱ्याचं कुठलं आणि भाऊजींचं कुठलं.

भाऊजी म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. राहायचे दूरच्या शहरात. दोघं आपापल्या घरून, एकमेकांशी बोलायला कानाला हेडफोन लावून आणि विमानांचा आवाज स्पीकरवर सोडून, कॉम्प्युटरवर जुनी पंख्याची लढाऊ विमानं उडवायचे. जन्मभर विजेच्या जळलेल्या मोटरींचं वाइंडिंग केलेला नवरा दुसऱ्याने केलेला खेळ नुसता खेळून थोडाच गप्प बसणार? त्याने स्वतःची मोहीमच रचली. तळ कुठला, शत्रू कुठून येणार, परतल्यावर कोणी कसं उतरायचं, सगळं त्याच्या हातचं. त्यात एक नियम जगावेगळा होता: नंबर एक, म्हणजे तो स्वतः, उतरल्याशिवाय नंबर दोनने, म्हणजे भाऊजींनी, चाकं जमिनीला लावायची नाहीत. खऱ्या वैमानिकांत असं असतं का, असं तिने विचारलं होतं. खऱ्यांचं ठाऊक नाही, आमच्यात असतं, म्हणाला. त्यांच्या घरात धाकट्याने थोरल्याच्या आधी ताटावर बसायचं नाही, अंघोळीला शिरायचं नाही, आणि लग्नाचं तर नावच काढायचं नाही. भाऊजी म्हणायचे, वहिनी, दादाला मुलगी पसंत पडेना, तोवर माझं इंधन संपत आलं होतं बघा.

ते भाऊजी हिवाळ्यात गेले. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. तेव्हापासून नंबर दोन कॉम्प्युटरच उडवायचा, आणि नियम पाळण्यात कॉम्प्युटर भाऊजींच्या वरताण. भाऊजी निदान कधीमधी लबाडी करायचे.

त्यातच नवऱ्याच्या हातांना कंप सुटला. धावपट्टी समोर आली की जॉयस्टिक थरथरायची, विमान डुलायचं आणि नाकावर पडायचं. त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. पण नंबर एक उतरलाच नाही, म्हणून नंबर दोन वर घिरट्या घालत राहायचा. टाकी रिकामी होईपर्यंत वाट बघायचा आणि मग पलीकडच्या शेतात कोसळायचा. नवरा ते शेवटपर्यंत बघायचा. कसंही करून नंबर दोन सुखरूप खाली यायला हवा, एवढाच त्याने ध्यास घेतला होता. म्हणून पुन्हा उडायचं, पुन्हा आपटायचं. चमचाभर औषध सांडल्याशिवाय तोंडापर्यंत जात नाही आणि निघाले विमान उतरवायला, असं ती एकदा चिडून बोलून गेली, आणि दिवसभर स्वतःलाच टोचत राहिली.

आज मात्र ती हातातलं शिवण घेऊनच आत गेली आणि स्टुलावर बसली. त्याचं विमान धावपट्टीच्या कडेला जळत होतं. वर नंबर दोन फिरत होता, अगदी शहाण्यासारखा.

"अहो, नियमच बदला की," ती म्हणाली. "त्यांना आधी उतरू द्या."

"तो माझ्याआधी कसा उतरेल?"

तिने दोरा दाताने तोडला. "उतरलेत ना ते आधी."

त्याने सवयीने लावलेले हेडफोन काढून मांडीवर ठेवले. स्क्रीनवर नंबर दोन शेतात पडला. या वेळी त्याने तिकडे पाहिलं नाही. नियमांची फाईल उघडली आणि टाइप करायला गेला, तर एका अक्षराची चार उमटायला लागली.

"तूच कर," तो म्हणाला.

पडदेवाल्यांची बिलं करून तिची बोटं कीबोर्डला सरावली होती. तो सांगत गेला, ती करत गेली. करायचं ते काय, एकाच्या जागी दोन आणि दोनाच्या जागी एक.

पुन्हा दोघं उडाले, परतले. नंबर दोन सावकाश खाली आला. चाकं टेकली, जराही उडी नाही. धावपट्टीवरून बाजूला वळला, थांबला, पंखा फिरायचा राहिला. नवऱ्याने नाक ओढलं. लबाडाला छान जमतं, म्हणाला.

धावपट्टी आता मोकळी होती. तरी नवरा वरच फिरत राहिला, हाताबरोबर पंख हलत होते. खाली ते बारकं विमान उभं होतं. तिने शिवणीत सुई खुपसून ठेवली.

"तुमचं इंधन किती राहिलंय?"

"आहे अजून," तो म्हणाला, आणि आणखी एक फेरी घेतली.