दक्षिणेकडचं टिन

आमच्या घरी उन्हाचं नाव काढलं की भांडण ठरलेलं. आमचे हे, तेजराम, भिलाईच्या कारखान्यात जिंदगीभर कोक ओवनवर राहिले. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून ज्यानं ड्यूटी केली, त्याले ऊन म्हणजे वैरीच. भर थंडीतही रस्त्यानं सावली पाहून चालतात. आणि माहं उलटं. मले संधिवात. डिसेंबर लागला की बोटं अशी आखडतात का ब्लाऊजचा हूक माह्याच्यानं लागत नाही. कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये होतो तवा मी मागच्या आंगनात खाट टाकून उन्हात बसायची. दुपारपर्यंत बोटं मोकळी. मंग वटाणे सोला, गहू निवडा, काहीही सांगा.

हे रिटायर झाले, क्वार्टर सुटलं. दुर्गले पद्मनाभपुरात घर बांधाचं ठरलं, पण प्लॉट एवढुसा. आंगनाले जागाच नाही! मी रडकुंडीले आली. तवा आमची नीतू, रायपूरले आर्किटेक्ट आहे ती, म्हणाली, "आई, आंगन नाही देऊ शकत. पण ऊन देते."

तिनं दक्षिणेची खोली मले ठेवली. मोठी खिडकी, तिच्यावर छज्जा, आणि आतून खिडकीले लागून बसाले ओटा.

"दक्षिणेले खिडकी?" हे भडकले. "खोलीचं ओवन करून राहिली काय?"

"बाबा, उन्हाळ्यात दुपारचा सूर्य पार डोक्यावर असते," नीतू म्हणाली. "ऊन सरळ खाली पडते, छज्जा त्याले बाहेरच अडवते. हिवाळ्यात तोच सूर्य दक्षिणेकडं खाली झुकून चालते. मंग ऊन छज्ज्याखालून तिरपं आत येते, आईच्या मांडीवर."

हे गुरगुरले, पण पोरीपुढं यायचं काही चालत नाही. घर झालं.

पहिलाच उन्हाळा आला आणि संध्याकाळी माही खोली तापू लागली. झालं! यायले खिडकीच दिसली. नीतूनं फोनवर किती समजावलं. "भर दुपारी जाऊन पाहा, खिडकीतून ऊन आत येते का? नाही येत. खोली तापते ते पश्चिमेच्या भिंतीनं. तिकडला प्लॉट मोकळा पडून आहे, आणि संध्याकाळचा सूर्य इतका खाली येते का त्याले कोणताच छज्जा अडवत नाही."

"मले गरमी शिकवते!" म्हणून यायनं फोन ठेवला आणि वेल्डर बोलावला. सेक्टरच्या लोकांची ही खोडच आहे बापा. क्वार्टर गरम होते? टिन ठोका. पाणी गळते? टिन ठोका. नवी स्कूटर आली? तिच्यावरही टिन. यायनं छज्ज्यापासून थेट कंपाऊंडपर्यंत टिनाचे पत्रे टाकले आणि छाती फुगवून म्हणाले, "आता बस आरामात."

"अन् हिवाळ्यात?"

"तवाचं तवा पाहू."

डिसेंबरात भर सकाळी त्या खोलीत लाईट लावा लागे. ओटा थंडगार. माही बोटं अशी वळली का घास तोंडाशी नेतानी सांडे. यायनं हीटर आणला. रोज तेल गरम करून बोटं चोळून देत. माह्या ब्लाऊजचे हूक स्वतः लावत, त्या जाड्याभरड्या हातांनी, स्वतःवरच चिडचिड करत. माया नाही असं कोण म्हणन? पण टिन काढा म्हटलं की, "अवं, तुले थंडी वाजते आणि तू आडोसाच काढाले सांगते?"

एक दिवस माहं डोकं सटकलं. हे बाजारात गेले आणि मी चप्पल घातली, आटो केला, सरळ सेक्टरात आमच्या जुन्या क्वार्टरवर. तिथं आता सीमा नावाची पोरगी राहते. चाबी देतानी ओळख झाली होती. म्हटलं, "बाई, तुह्या आंगनात जरा बसू दे." तिनं काही न विचारता खाट टाकली. ते ऊन पाठीवर आलं आणि मले खरंच रडू आलं.

दुपारी हे शोधत आले. हेल्मेट नाही, गमछा अर्धा लोंबून राहिला. "फोन घरी टाकून आली! मी दवाखाने पालथे घातले!"

मी सीमाचे वटाणे सोलत होती. हे बोलता बोलता थांबले. माह्या बोटांकडं पाहत राहिले. सीमानं चहा आणला, मी कप एका हातानं उचलला, एक थेंब सांडला नाही.

"घरी चाल," हे हळूच म्हणाले.

"घरी ऊन असतं तर दुसऱ्याच्या दारात कशाले बसली असती?"

यायचं तोंड उतरलं. सीमापुढं मान वर करवेना. मले वाईट वाटलं, पण मी शब्द मागं घेतला नाही.

घरी आल्यावर हे जेवले नाही. पाना घेऊन स्टुलावर चढले आणि एकेक नट खोलला. पहिला पत्रा खाली आला तसं ऊन छज्ज्याखालून शिरून ओट्यावर पडलं. नीतू म्हणाली होती, अगदी तसंच.

यायनं बाकीचे पत्रेही खाली उतरवले. मंग नीतूले फोन. "हे टिन पश्चिमेच्या भिंतीपुढं उभं केलं तर? भिंतीले चिकटवून नाही, मधात हवा सोडून?"

"बाबा, पश्चिमेचंच तर सांगून राहिली होती मी!"

"मंग जोरानं सांगाचं ना!"

मी ओट्यावर सरकून जागा केली. "बसा."

हे कडेले, सावलीच्या पट्ट्यात बसले. पण ऊन काय थांबून राहते? सरकत सरकत यायच्या गुडघ्यावर आलं. मले वाटलं, आता उठतात. उठले नाही. डोळे मिटून बसले, गमछा मांडीवर, भट्टीनं भाजलेले हात उन्हात तसेच ठेवून.

ऊन गेल्यावर गारठा सुटला. यायचा स्वेटर उघडा होता. मी त्याची बटनं लावून देली, एकेक करून, माह्या हातानं.