नऊ दिवसांची एक पट्टी

मी एक जुना गोळा आहे, मित्रांनो, काचेचा, मोठ्या मोसंब्याएवढा. या कॉलेजच्या प्रयोगशाळेबाहेरच्या कपाटात मला ठेवलं आहे. सहलीला आलेली तुमच्यासारखी मुलं काचेला नाक लावून बघतात आणि म्हणतात, हा जादूगाराचा गोळा. अरे, कसली जादू अन् कसलं काय! मी छत्तीस वर्षं उन्हातान्हात नोकरी केली आहे. माझ्याखाली पितळेची वाटी आहे आणि तिच्यात एक निळसर पुठ्ठ्याची पट्टी आहे. ती कोरी दिसते, म्हणून सगळे समजतात की ती वापरलेली नाही. तिच्याबद्दलच मला बोलायचं आहे. एवढं ऐका आणि मग जा तुमचे शेंगदाणे खायला.

माझा जन्म फार लांबच्या थंड मुलखात, भट्टीत झाला. तिथल्या कारागिरांनी मला इतकं घासलं की माझ्यात एक बुडबुडा उरला नाही. मग पेंढ्याच्या पेटीतून बोटीने, आगगाडीने आणि शेवटी एका खडखडणाऱ्या ट्रकने मी मलावी देशात आलो. मुलांजे नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी, चहाच्या मळ्यांच्या वरच्या अंगाला एक लहानशी हवामान चौकी होती. तिच्या अंगणातल्या दगडी खांबावर मला बसवलं. लायटन नाखुम्वा नावाचा एक उंच, किडकिडीत माणूस तिथे नोकरीला होता. चौकीत तो एकटाच. साहेबही तोच आणि शिपाईही तोच.

माझं काम सोपं होतं. ऊन माझ्यातून जाऊन एका टिंबात गोळा व्हायचं आणि वाटीतल्या पट्टीला चटका द्यायचं. सूर्य सरके तशी पट्टीवर जळकी रेघ पुढे जायची. ढग आला की रेघ तुटायची. दिवस मावळला की लायटन पट्टी काढायचा, मागे पेन्सिलीने तारीख लिहायचा आणि उद्याची पट्टी घालायचा. आज किती तास ऊन पडलं ते त्या रेघेवरून मोजता यायचं. सकाळी येऊन तो माझ्यावरचं दव पुसायचा. त्यासाठी त्याच्याकडे बायकोच्या, एनिफाच्या जुन्या चितेंजेचा तुकडा होता. नेसून नेसून मऊ झालेलं ते कापड अजून आठवलं की मला बरं वाटतं.

एकदा शहरातून तपासणीला आलेला साहेब म्हणाला की इतक्या नीट पट्ट्या देशात दुसरीकडे कुठे नाहीत. झालं! लायटनने ते आठवडाभर साऱ्या बाजारात सांगितलं. शेजारची सेफेलिया मळ्यात चहा खुडायला जायची. जाता जाता ती कुंपणावरून विचारायची, "काय दादा, आज सूर्याला रजा दिलीत की कामावर बोलावलंत?" लायटन हसायचा. मलाही तेव्हा माझा फार गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मग एका जुलैत एनिफा आजारी पडली. आमच्याकडे जुलैत चिपेरोनी येते. पूर्वेकडून थंड धुकं येतं, भुरभुर पाऊस लागतो, आणि डोंगर तर सोडाच, समोरचं कुंपण दिसत नाही. एरवी दोन-तीन दिवसांत ती ओसरते. लायटनने सकाळी पट्टी घातली आणि तो एनिफाला घेऊन नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात गेला. सात वर्षांची एलुबी, त्यांची एकुलती लेक, सेफेलियाकडे राहिली. संध्याकाळी लायटन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. पट्टी बदलायला कोणीच नव्हतं. नऊ दिवस तीच पट्टी माझ्याखाली भिजत पडली, आणि त्या नऊ दिवसांत सूर्य एकदाही दिसला नाही. मी तिला एक चटकासुद्धा देऊ शकलो नाही.

नवव्या दिवशी एनिफा गेली. तिला पुरून लायटन दहाव्या दिवशी पहाटे चौकीत आला, तेव्हा धुकं विरत होतं, पण सूर्य अजून उगवला नव्हता. त्याने ती ओली पट्टी काढली आणि तो घाबरला. दुसऱ्या एका चौकीतल्या माणसाला दोन दिवस पट्टी न बदलल्याबद्दल काढून टाकलं होतं. नऊ कोऱ्या पट्ट्या दाखवल्या तर कोण विश्वास ठेवणार? तोवर पाचाच्या वर अंधारे दिवस कधी सलग गेलेच नव्हते. साहेब म्हणणार, घरी झोपला होतास आणि आता कोऱ्या पट्ट्यांवर तारखा घालतोस.

म्हणून त्याने काय केलं ते सांगतो. दुपारी लख्ख ऊन पडल्यावर त्याने नव्या पट्ट्या आणल्या आणि एकेक माझ्या वाटीत घालून हाताने हळूहळू सरकवली. वर सूर्य तळपत होता. ऊन खरं होतं, चटका खरा होता. मध्येच पट्टी उचलून तो रेघ तोडायचा, ढग आल्यासारखी. कुठे दोन तास ऊन, कुठे चार तास, असे नऊ दिवस त्याने माझ्याकडून करून घेतले. त्याच्या डोळ्यांतलं पाणी पट्टीवर पडत होतं आणि तो ते बाहीने टिपत होता. मी जाळत राहिलो, मित्रांनो. मी काच आहे, मला नाही म्हणता येत नाही. पण ते खोटं माझ्याच पोटातून गेलं आहे.

आणि नशीब बघा. त्याने नऊ कोऱ्या पट्ट्यांवर फक्त तारखा लिहिल्या असत्या तरी पुरलं असतं. कोऱ्या पट्ट्या खऱ्याच ठरल्या असत्या.

साहेब आला, त्याने पट्ट्या पाहिल्या, लायटनच्या खांद्यावर हात ठेवून एनिफाबद्दल चार शब्द बोलला आणि निघून गेला. कोणी काही विचारलं नाही. वर्षं गेली. सेफेलियाने एलुबीला आपल्या मुलीबरोबर न्हाऊमाखू घातलं, मक्याची न्सिमा भरवली, शाळेत धाडलं. लायटन पट्ट्या टिनाच्या पेट्यांत रचत राहिला. पुढे पुढे त्या कोणी मागवेनासं झालं. पेट्यांवर कोळी बसले. माझ्या खांबालाही तडा गेला, पण लायटनने मला पुसायचं सोडलं नाही.

एलुबी फार हुशार निघाली. ती याच कॉलेजात आली. शेवटच्या वर्षी इथले प्राध्यापक भिंतीवर एक यादी लावतात. कोणाला चहा वाळवायची गरम हवा वाया का जाते ते शोधायचं असतं, कोणाला झुलता पूल किती लोकांनी झुलतो त्याचं गणित मांडायचं असतं, कोणाला ओढ्यावरच्या चाकातून वीज काढायची असते. एलुबीने एक प्रश्न घेतला तो आमच्या गावचा होता. आमच्या आरोग्य केंद्रात सूर्यावरची वीज आणायची, तर किती दिवसांची वीज बॅटऱ्यांत साठवून ठेवावी? म्हणजे ओळीने किती दिवस सूर्य न दिसण्याची तयारी हवी? बरोबरची पोरं तिला म्हणायची की आम्ही सगळे उन्हाच्या मागे लागलोय आणि ही बाई सावली मोजतेय.

ती घरी आली आणि तिने सगळ्या पेट्या उघडल्या. माझ्या खांबाशी चटई टाकून दोन महिने ती एकेक पट्टी फूटपट्टीने मोजत बसली. तब्बल सत्तावीस वर्षांचं ऊन होतं ते! मला वाटलं, आता माझं सार्थक झालं. लायटन तिला चहा आणून द्यायचा आणि लांबच उभा राहायचा. एका दुपारी तिच्या हातात त्या जुलैच्या पट्ट्या आल्या. तिने तारखा वाचल्या आणि ती थांबली.

"बाबा, हे आईचे दिवस ना? तुम्ही तर इस्पितळात होतात. मग या कोणी बदलल्या?"

"ठेवला होता मी एकाला सांगून," लायटन म्हणाला.

"मला वाटायचं आई गेली तेव्हा धुकं होतं. सेफेलिया मावशीच्या दारातून मला काहीच दिसत नव्हतं, असं आठवतं. पण इथे तर चार-चार तास ऊन आहे."

लायटनने कप उचलला. माझं सगळं अंग ओरडत होतं की सांग, आता सांग. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "लहान होतीस गं पोरी."

एलुबीने मान हलवली. आपल्या आठवणीपेक्षा तिचा बापाच्या पट्ट्यांवर विश्वास होता. तिने वहीत लिहिलं, सलग अंधारे दिवस जास्तीत जास्त पाच. एक दिवस हाताशी जास्त धरून सहा दिवसांच्या बॅटऱ्या मागितल्या. कॉलेजात तिचं फार कौतुक झालं. तिने भर सभेत सांगितलं म्हणे, की माझ्या वडिलांच्या पट्ट्यांत एका दिवसाचीही चूक नाही. हे लायटनला कळलं तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. त्यानंतर तर त्याला तोंड उघडणं आणखीच अवघड झालं असावं.

केंद्रात दिवे आले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ऑक्सिजनचं मशीन आलं. जुनं डिझेलचं इंजिन आता कशाला हवं, म्हणून ते दुसऱ्या गावाला देऊन टाकलं. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. लोक लायटनला रस्त्यात थांबवून सांगायचे की तुमच्या लेकीने गावात दिवस आणला. तो खाली बघून पुढे जायचा.

चौथ्या वर्षी चिपेरोनी आली ती हटेना. तिसऱ्या दिवशी सेफेलियाच्या मुलीला, एलुबीबरोबर एका ताटात जेवलेल्या मुलीला, दोन महिने आधीच मुलगा झाला. ओंजळीएवढा होता. त्याला मशीनवर ठेवलं आणि तो गुलाबी दिसायला लागला. चौथा दिवस गेला, पाचवा गेला, सहावा गेला. लायटन रोज माझ्याखालून कोरी पट्टी काढायचा आणि वर बघायचा. सातव्या दिवशी दुपारी केंद्रातलं मशीन थांबलं. नर्सने बाळाला छातीशी बांधलं आणि सायकलच्या मागे बसून ती मोठ्या इस्पितळाकडे निघाली. पुलापर्यंत पोचायच्या आतच ते गेलं.

एलुबी शहरातून आली. मातीहून परतल्यावर ती सरळ माझ्याकडे आली आणि तिने पुन्हा त्या पेट्या उपसल्या. रडत नव्हती, मोजत होती. चार दिवस तिने पट्ट्या मोजल्या. खाणं नाही, पिणं नाही. लायटन जवळ आला तेव्हा तिने वरही पाहिलं नाही. "बाबा, माझी बेरीज कुठे चुकली तेच सापडत नाहीये. मी त्या लेकराला मारलं आणि कुठे चुकले ते मला कळत नाही."

लायटन आत गेला. बायबलमध्ये घालून ठेवलेली एक पट्टी घेऊन आला. ओलीने फुगून वाळलेली, काठाला शेवाळाचा डाग. ती त्याने कधी टाकली नव्हती. पट्टीमागे एनिफाला इस्पितळात नेलं त्या दिवसाची तारीख होती.

"तुझी बेरीज बरोबर आहे," तो म्हणाला. "या एकाच पट्टीत नऊ दिवस आहेत. बाकीचं मी केलं."

आणि त्याने सगळं सांगितलं. मला कसं वापरलं तेही सांगितलं. एलुबी ती पट्टी हातात धरून बसली. मला वाटलं ती त्याला मारेल, निदान शिव्या तरी देईल. ती फार हळू बोलली.

"म्हणजे धुकंच होतं."

एवढंच. मग ती रडली. आई गेली तेव्हापासून राहिलेलं सगळं रडली. लायटनने हात पुढे केला, पण तिला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

त्याच दिवशी लायटन सेफेलियाच्या दारात गेला. कुंपणाला लागून दार, मला सगळं ऐकू आलं. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "दादा, तेव्हा तुमच्या पोरीला मी सांभाळत होते. नऊ दिवस तिचे कपडे वाळले नव्हते, मी चुलीवर धरून वाळवत होते. धुकं मला माहीत होतं. कोणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." आणि तिने दार लावून घेतलं. कुंपणावरून पुन्हा कधी सूर्याची चौकशी झाली नाही.

एलुबीने केंद्रात बारा दिवसांच्या बॅटऱ्या बसवून घेतल्या. त्या आजही चालतात, पण ते बाळ काही परत आलं नाही. लायटनने आणखी पाच वर्षं काम केलं. पट्टीच्या मागे तारखेखाली तो आता लिहायचा, आज उशिरा आलो. आज दव पुसायला विसरलो. आज ताप होता, पट्टी बदलली नाही. एलुबी त्याला भेटायला यायची, जेवण करून ठेवायची, पण खांबाकडे फिरकत नसे. तो गेल्यावर तिने पेट्या आवरल्या, तेव्हा या पट्ट्या तिला सापडल्या. त्या वाचत ती माझ्या खांबाशी संध्याकाळपर्यंत बसली होती. जिवंतपणी त्याला हे वाचून दाखवायला हवं होतं, असं ती मला म्हणाली. काचेला सांगून काय उपयोग?

आता ती इथेच शिकवते. भिंतीवरची यादी तीच लावते. मला तिनेच इथे आणलं, आणि ती पट्टीही तिनेच वाटीत घातली. दर जुलैत एका दिवशी ती कपाट उघडते आणि तिच्या आईच्या चितेंजेच्या तुकड्याने मला पुसते. इथे दव नसतं, धूळही नसते, तरी पुसते.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुम्ही उद्या ऊन मोजाल, पाऊस मोजाल, नाहीतर कोणाचा ताप मोजाल. एखाद्या दिवशी तुम्हाला जाता येणार नाही, कारण तुमचं माणूस आजारी असेल. त्या दिवशीची जागा रिकामी सोडा आणि खाली लिहा, मी नव्हतो. साहेब रागावला तर रागावू दे. मी लायटनला दोष देत नाही, त्याच्यासारखं मला कोणी पुसलं नाही. पण त्या दुपारी तो पट्टी सरकवत होता तेव्हा एक ढग आला असता तर किती बरं झालं असतं. मी नऊ दिवस उन्हाची वाट पाहिली होती, आणि त्या दुपारी मी ढगाची वाट पाहत होतो. तो आला नाही.