चोगले डॉक्टर गप्प राहिले

“किती खाल्लं?”

“खाल्लं असं न्हाय, डाक्टर. दोन घावने.”

“नुसते?”

“नुसते कसे उतरतील? संगती जवळ्याची चटनी व्हती.”

चोगले डॉक्टरांनी डोळे मिटले. हर्नियाच्या ऑपरेशनचा हिरवा झगा घालून बाबाजी खाटेवर मांडी ठोकून बसला होता. शेजारी त्याची बायको रंगू उभी होती. तिच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता.

“काल मी काय सांगितलं होतं? रात्रीनंतर पाणीसुद्धा नाही.”

“सांगितलंत की,” रंगू म्हणाली. “पन पोट फाडायचं म्हनताना उपाशी कसा धाडू? बोटीवर जातो तवा पन खाऊनच जातो.”

थिएटरच्या दारात डॉ. विनिता घरत कोपरापर्यंत धुतलेले हात वर धरून उभी होती. तिनं ते हळूच खाली सोडले. तिच्या मागे मुंबईहून आलेले परीक्षक, डॉ. कुलदीप रणदिवे, पाठीमागे हात बांधून उभे होते. न बोलण्यासाठीच ते आले होते.

*

म्हसळ्याहून श्रीवर्धनला उतरताना, सुपारीच्या बागा सुरू व्हायच्या आधी, डाव्या हाताला हे रुग्णालय लागतं. सर्जन झालेल्या माणसानं इथं दोन वर्षं राहून, फार यंत्रं हाताशी नसताना ऑपरेशनं करायला शिकायचं, अशी इथली फेलोशिप आहे. शेवटी परीक्षक येतो. तो प्रश्न विचारत नाही, एक ऑपरेशन उभं राहून पाहतो. मार्गदर्शकानं थिएटरात हजर राहायचं, पण हात लावायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. मग परीक्षक दोनांपैकी एक शेरा देतो: ‘स्वतंत्रपणे सक्षम’ किंवा ‘मार्गदर्शनाखाली सक्षम’.

दुसरा शेरा म्हणजे वडील शेजारी बसले असतील तरच गाडी चालवायचं लायसन्स.

चोगले डॉक्टरांच्या आधीच्या दोन्ही फेलोंना दुसराच शेरा मिळाला होता. चिरागच्या वेळी डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले होते, “अरे, खालून.” आरोहीच्या वेळी ते एक शब्दही बोलले नाहीत. सरळ तिच्या हातातून कात्री घेतली. हातमोजे कधी चढवले हे त्यांना नंतरही आठवेना.

पोरं हुशार होती. आजही कुठं कुठं कुणाच्या तरी हाताखाली काम करतायत.

फेलोशिप चालवणाऱ्या परिषदेनं आता कळवलं होतं की यंदाही तेच झालं तर ही जागा बंद. आणि विनिताचं वेगळंच होतं. न्हावा शेवाच्या बंदरात तिचे वडील क्रेन चालवायचे, घर उरणला. तिथल्याच एका रुग्णालयात तिची नोकरी ठरली होती. रात्री सर्जन म्हणून ती एकटीच असणार, म्हणून त्या रुग्णालयाला पहिलाच शेरा हवा होता. तिची मुदत या महिन्यात संपत होती.

*

“दुसरा पेशंट?” रणदिवेंनी विचारलं.

“अपेंडिक्स होतं, ते काल रात्रीच काढावं लागलं,” विनिता म्हणाली. “थांबलं नसतं.”

“मग पुढच्या फेरीत बघू. मी परत येईन ते दिवाळीनंतर.”

“दिवाळीनंतर मी इथं नसेन, सर.”

“ते मला कळतं, डॉक्टर. पण घावन्यांवर भूल देता येत नाही.”

“न्हायच देता येत,” थिएटरच्या मुख्य सिस्टर भागुबाई म्हणाल्या, आणि रंगूकडे असं पाहिलं की तिनं पहिल्यांदाच पदर सावरला.

विनिता थोडा वेळ चोगले डॉक्टरांकडे बघत राहिली. सोन्याचा दागिना बघावा तशी.

“सर, तुम्ही सकाळपासून काय खाल्लंत?”

“मी? काही नाही. पहाटे कोरा चहा.” ऑपरेशनच्या दिवशी सर्जननंही उपाशी राहावं, म्हणजे पेशंटला लवकर मोकळं करावंसं वाटतं, असा त्यांचा जुना नेम होता. “का?”

भागुबाई हसायला लागल्या, आधी तोंडावर हात ठेवून, मग तसाच काढून.

चोगले डॉक्टरांचा उजवीकडचा हर्निया हे रुग्णालयातल्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेलं गुपित होतं. खोकताना त्यांचा हात खिशात जायचा. जिना चढताना ते वाटेत कुणाशी तरी बोलायला थांबायचे, समोर कुणी नसलं तरी. आतून पट्टा बांधायचे. गणपतीनंतर करू, पावसाळ्यानंतर करू, असं चाललं होतं. गेल्या आठवड्यात विनितानं ‘सगळ्या स्टाफची तपासणी’ म्हणून त्यांचं रक्त, साखर, हृदयाचा आलेख सगळं करून घेतलं होतं. बाकी स्टाफची तपासणी अजून झालेली नव्हती.

“वेड लागलंय का तुला?” डॉक्टर म्हणाले.

“रिपोर्ट चांगले आहेत, सर.”

“मी मुंबईला करणार आहे. माझा मित्र आहे.”

“तीन वर्षं ऐकतेय मी त्या मित्राचं,” भागुबाई म्हणाल्या. “मेला असंल एव्हाना.”

डॉक्टर परीक्षकांकडे वळले. शेवटची आशा. “रणदिवे, हे नियमात बसतं का?”

रणदिवेंनी खरोखरच विचार केला. “मार्गदर्शक थिएटरमध्ये हजर हवा. पेशंट कोण असावा, यावर काही म्हटलेलं नाही.”

“हजर आहेत की,” विनिता म्हणाली. “सगळ्यांपेक्षा जवळ.”

“पण घाई नको,” रणदिवे म्हणाले. “डॉ. घरत, तुम्ही बाहेर जा. सर, तुम्हाला नको असेल तर नको. तिच्यासाठी म्हणून होय म्हणू नका. तिच्या हातून तुम्ही स्वतःचं करून घ्याल का, तेवढंच सांगा.”

विनिता बाहेर गेली. वॉर्डात परत नेत असलेल्या बाबाजीचा आवाज व्हरांड्यातून आला, “माज्या जागी डाक्टर? मंग माजा नंबर कवा?”

रणदिवेंच्या प्रश्नाचं उत्तर चोगले डॉक्टरांना माहीत होतं. ते त्यांना पहिल्यांदाच माहीत झालं होतं, आणि त्याचं त्यांनाच नवल वाटलं.

“घरी फोन लावा,” ते म्हणाले.

फोनवर त्यांच्या पत्नी एवढंच म्हणाल्या, “लवकर आत घ्या त्यांना, विचार बदलायच्या आत.”

*

“थोडी झोपेची देऊ का?” भूल देणाऱ्या डॉ. सोनलनं विचारलं. “म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटेल.”

“काही गरज नाही. मी गप्प राहू शकतो.”

थिएटरमध्ये कुणीतरी खोकलं. बहुधा भागुबाई.

पाठीतल्या सुईच्या वेळी ते प्रत्येक पेशंटला सांगत आले होते, मुंगी चावल्यासारखं वाटेल. मुंगी नव्हती.

मग पाय गरम झाले, मग जड, मग नाहीसेच. दोन्ही हात बाजूच्या फळ्यांवर पट्ट्यांनी बांधले. छातीसमोर हिरवा पडदा उभा राहिला आणि पडद्यापलीकडे त्यांचंच पोट, त्यांना न दिसणारं.

रणदिवे वाकले. “सर, सूचना दिलीत, एक शब्द जरी, तर मला ‘मार्गदर्शनाखाली’ लिहावं लागेल. दुखलं तर सांगा. तेवढं चालेल.”

“समजलं.”

“सुरू करते,” विनिता म्हणाली.

*

त्यानंतर चोगले डॉक्टर जे बोलले नाहीत, ते असं:

चीर कुठं घेतलीस? वर घे जराशी. घेतली असशील. मला कळणार कसं, कंबरेखाली मी नाहीच.

हा जळका वास माझाच का? तव्यावर सुकट विसरावी तसा येतोय.

नस. आधी ती बारीक नस शोध, बाजूला घे, मग पुढं. शोधलीस का? बोलत का नाहीस? मी तुला बोलत बोलत करायला शिकवलंय.

डोक्यावरच्या दिव्याच्या चकचकीत वाटीत काहीतरी लाल हलतंय. ते मी आहे. बघू नको, दत्तात्रेय चोगले. छत बघ. छताला ओल आलीय. रंगारी बोलवायला हवा

— आणि इथं वाक्य तुटलं. कारण रक्त ओढणारी नळी गुरगुरायला लागली होती, आणि ती थांबेना.

किती वर्षं हा आवाज ते ऐकत आले होते. थोडं रक्त असलं की नळी घोट घेते. जास्त असलं की पीत राहते. ही पीत होती. मग ती थांबली, आणि कुणीच काही बोललं नाही.

भागुबाई नाही. विनिता नाही.

अशा वेळी ते हात घालायचे. नेहमीच. समोरच्याला दिसायच्या आत चिमटा लावून मोकळे व्हायचे, आणि म्हणायचे, बघ, असं. चिरागनं असंच बघितलं. आरोहीनं असंच बघितलं.

एक शब्द होता त्यांच्याकडे. परवानगीचा. ‘दुखतंय’ म्हटलं असतं तर कुणी काही लिहिलं नसतं. विनिता थांबली असती, तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं असतं, आणि त्यांच्या तोंडावरून तिला सगळं कळलं असतं. दोन वर्षांत तेवढं तिला येतच होतं. शब्द जिभेवर आलाही. त्याची चव घावन्यासारखी साधी होती.

त्यांनी तो गिळला.

हात मात्र ऐकेना. फळीवर बांधलेल्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागली, हवेतच गाठ मारू लागली. रणदिवेंची नजर तिकडे गेली.

“सर, हात…”

“बीपीचा पट्टा आवळतोय त्यांना,” डॉ. सोनल चटकन म्हणाली. पट्टा डाव्या हाताला होता. रणदिवेंनी डावा हात पाहिला, उजवा हात पाहिला, आणि मान परत ऑपरेशनकडे वळवली.

पडद्यापलीकडे अजून शांतता. हळूहळू डॉक्टरांच्या ध्यानात आलं की ही गोंधळाची शांतता नाही. विनिता दाबून धरून उभी आहे. कापसाची घडी जागेवर ठेवून, बोटांनी दाबून, रक्ताला दम धरायला लावतेय. तिला घाई नाही.

थांबायला त्यांनी तिला शिकवलं नव्हतं. त्यांनाच कुठं येत होतं?

“आता बारीक चिमटा,” विनिता म्हणाली. आवाज रोजच्यासारखा. “हं. शीर मिळाली. दोरा.”

चोगले डॉक्टरांची बोटं फळीवर थांबली.

त्यानंतर जाळी बसली, टाके पडले. पण ते सगळं त्यांनी ऐकलं नाही. ते छताकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर, मधेच त्यांना डुलकी लागली.

*

“सर. उठा. संपलं.”

“कुणी घोरत होतं का?”

“तुम्हीच,” भागुबाई म्हणाल्या. “मार्गदर्शकानं घोरलेलं चालतं काय हो, रणदिवे सर?”

“त्यात सूचना नव्हती,” रणदिवे गंभीरपणे म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले. त्यांनी कागद पुढे केला. मार्गदर्शकाची सही लागते. पडल्या पडल्या, रणदिवेंच्या तळहाताचं टेबल करून, चोगले डॉक्टरांनी सही केली. सहीच्या वर दोनच शब्द होते आणि त्यांत ‘मार्गदर्शन’ नव्हतं.

“आता बोलू?”

“बोला ना, सर.”

सगळे थांबले. विनितानं मास्क खाली ओढला. नाकावर त्याचा वळ उमटला होता. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. सांगण्यासारखं खूप होतं, असं त्यांना वाटलं होतं.

“भूक लागलीय,” ते म्हणाले.

*

संध्याकाळी पुरुषांच्या वॉर्डात बाबाजीच्या शेजारची खाट त्यांना मिळाली. त्यांची केबिन रिकामी होती, तिथं पलंगही होता, पण विनिता म्हणाली होती, पेशंट वॉर्डात राहतात.

“कसं वाटतंय, डाक्टर?” बाबाजीनं कूस बदलली. “वारा सरला का?”

“काय?”

“तुमीच इचारता ना सगल्यांना. मला पन इचारलंव काल, बायकोसमोर.”

रांगेतले सगळे पेशंट ऐकायला लागले. डॉक्टरांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

दिवे लागले तशी विनिता राउंडला आली, मागे भागुबाई.

“दुखतंय?”

“सहन होतंय.”

“पाय हलवून दाखवा. आता हा. लघवी झाली?”

“विनिता, मी…”

“झाली की नाही, सर?”

“झाली.”

तिनं पट्टीवरून हलकेच बोट फिरवलं, मान हलवली आणि बाबाजीकडे वळली.

“तुमचं उद्या सकाळी. परीक्षक गेलेत, त्यामुळे आता कुणी बघायला नाही. पण आज रात्री जेवण झालं की नंतर तोंडात काही नाही. मावशी, ऐकलंत?”

“ऐकलं,” रंगू म्हणाली. “ह्यो मागंल तरी देनार न्हाय.”

बाबाजीची गाठ डावीकडची होती आणि जुनी होती. ती उचलताना तिला आतडं चिकटलेलं तर नाही ना, ही काळजी घ्यावी लागते. ते सांगायला चोगले डॉक्टर कोपरावर उठले. टाका ओढला, तसे पुन्हा टेकले. तोवर विनिता बाबाजीला त्याच काळजीपोटी, झोपल्यावर गाठ पूर्ण आत जाते का, असं विचारत होती, आणि राउंड पुढं सरकलाही.

आजवर त्यांनी राउंड असा कधी पाहिलाच नव्हता, पाठीकडून. विनिताची पाठ, भागुबाईंची पाठ. दोघींच्या चपलांचा आवाज. प्रत्येक खाटेपाशी थोडं थांबणं, मग पुढं. शेवटच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी विनिता वाकून काहीतरी बोलली आणि तो हसला. काय बोलली ते इथवर ऐकू आलं नाही. चोगले डॉक्टरांनी मान उचलून ऐकायचा प्रयत्न केला. मग त्यांनी उशी सरळ करून घेतली आणि खिडकीकडे तोंड केलं.