तीन हिरवे

चष्मेवाला आणि त्याचा मेहुणा एकमेकांना पाण्यात पाहत, आणि तरी रोज संध्याकाळी एकाच विमानात शेजारी शेजारी बसत. विमान चष्मेवाल्याचं होतं. म्हणजे विमानाचं फक्त नाक. तेही प्लायवूडचं, घराच्या गॅरेजमध्ये, जिथे खरं तर गाडी उभी राहायला हवी. गाडी बिचारी कित्येक वर्षं रस्त्यावर ऊन खात होती आणि तिच्या टपावर पक्षी जो काही प्रसाद ठेवून जात, तो बायको दर रविवारी पुसत होती. त्या गॅरेजमध्ये पाऊल टाकणार नाही, असं तिने एकदा रागाने म्हटलं होतं आणि तो शब्द पाळला होता.

पण कॉकपिट बघण्यासारखं होतं, हे शत्रूनेही कबूल करावं. दुकानात चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र होतं, त्यावरच त्याने अ‍ॅक्रिलिक घासून सगळी पॅनल केली होती. ती बसवली होती चष्म्याच्या दांडीतल्या इवल्याशा स्क्रूंनी, जे हातातून निसटले की माणसाला गुडघ्यांवर आणतात. खुर्च्या भंगारातल्या व्हॅनच्या. थ्रॉटलच्या मुठी एका मोडक्या व्यायामाच्या सायकलच्या, कानशीने घासून आकाराला आणलेल्या. समोर अर्धगोल ताणलेला पांढरा पडदा आणि त्यावर तीन प्रोजेक्टर. इंजिन सुरू झालं की खुर्चीखालचा स्पीकर असा घुमे की शेजारीण भिंतीवर थापा मारत असे. चष्मेवाला त्याला टाळ्या समजे.

मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, खराखुरा वैमानिक होता. घरात त्याला सगळे कॅप्टन म्हणत, जरी तो उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीच्या पुढे कधी सरकला नव्हता. कानाचं ऑपरेशन झालं आणि दोन वर्षांसाठी तो जमिनीवर आला. जमिनीवर म्हणजे नेमकं चष्मेवाल्याच्या घरात, वरच्या खोलीत. आला त्या दिवशीच गॅरेजमध्ये डोकावून म्हणाला होता, "वा, जावईबापू! छान खेळणं आहे. चावी कुठून द्यायची?"

हे वाक्य चष्मेवाल्याच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं होतं.

मग कंपनीने कॅप्टनला कळवलं की सिम्युलेटरवर परीक्षा द्या, पास झालात तर परत या. सरावाला जागा हवी होती, आणि खेळणं तेवढं एकच होतं. कॅप्टनने आधी बहिणीला मध्ये घातलं. चष्मेवाला म्हणाला, "त्यांना तोंड आहे ना? विचारू दे." शेवटी जेवताना, ताटात घातलेली मान वर न करता, कॅप्टनने विचारलं, "तुमचं ते वापरू का?"

"ते म्हणजे काय?"

बराच वेळ घास चघळून कॅप्टन म्हणाला, "कॉकपिट."

चष्मेवाल्याला त्या रात्री फार छान झोप लागली.

एकट्याने ते विमान चालत नाही. एकाने विचारायचं, दुसऱ्याने दिव्याकडे किंवा काट्याकडे बघून उत्तर द्यायचं, असा रिवाज. म्हणून कॅप्टन डावीकडे आणि चष्मेवाला उजवीकडे. दिवसभर एकमेकांशी न बोलणारी ही दोन माणसं तेवढा वेळ सवाल-जवाब करत. उतरायच्या आधी चष्मेवाला चाकांची लिव्हर खाली ओढे आणि विचारी, "चाकं?" ती लिव्हर ओढली की चाकं उतरत असताना वरच्या ओळीत तीन लाल दिवे लागतात, चाकं खाली जाऊन पक्की बसली की ते विझून खालच्या ओळीत तीन हिरवे लागतात. लाल असताना विमान टेकवायचं नाही, हे या धंद्यातलं बाळकडू.

"खाली," कॅप्टन म्हणे. "तीन हिरवे." आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात एक हसू फुटे. चष्मेवाला मान डोलावी. हे हसू नेहमीच्याच माजाचं आहे, असं त्याला वाटे.

आता जे कोणालाच माहीत नव्हतं ते सांगायला हवं. चष्मेवाल्याला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नसे. दोन्ही एकच, मातकट पिवळं. तरुणपणी तोही वैमानिक व्हायला गेला होता. डॉक्टरांनी ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक समोर धरलं आणि तिसऱ्या पानावरच मिटलं. घरी येऊन त्याने उंची कमी पडली म्हणून सांगितलं. आणि जिथे ठेच लागली तिथेच दुकान थाटलं. ठिपक्यांचं तेच पुस्तक आता त्याच्या टेबलावर असे. कुठल्या पानावर कुठला आकडा हे त्याने पाठ केलं होतं. गिऱ्हाईक वाचे, तो मान डोलावी. कपडे फक्त पांढरे नाहीतर राखाडी घेई. बायकोला वाटे, नवऱ्याला साधेपणाची आवड. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाजारात कळलं असतं तर दुकान बसलं असतं, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. कॅप्टनला कळलं तर? दुकान बुडालेलं परवडलं, पण त्या माणसाच्या जिभेवर आपलं हे दुखणं नको.

परीक्षेच्या दिवशी कॅप्टन इस्त्रीचे कपडे घालून गेला आणि दुपारी परत आला तो बुटांसकट थेट गॅरेजमध्ये. रविवार होता. चष्मेवाला पॅनल पुसत होता.

"मुद्दाम केलंस तू!" कॅप्टन ओरडला. 'तुम्ही' उंबऱ्याबाहेरच राहिलं होतं.

"काय झालं?"

"साळसूदपणा पुरे! परीक्षकाने चाकं अर्ध्यावर अडकवली. तिन्ही लाल तसेच पेटलेले. आणि माझ्या तोंडून काय गेलं? तीन हिरवे! यंत्र कानाशी बोंबलायला लागलं तेव्हा मला कळलं. का? कारण इथे रोज लाल दिवे बघून मी तीन हिरवे म्हणत आलोय! तू हिरव्यांच्या जागी लाल लावलेस आणि लालच्या जागी हिरवे. मी तीन हिरवे म्हणायचो आणि तू नंदीबैलासारखी मान डोलवायचास. मजा बघत होतास माझी!"

चष्मेवाल्याच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. लाल? त्याने पॅनलकडे पाहिलं. पॅनलने त्याला काहीच सांगितलं नाही. मग त्याला दिव्यांचा दुकानदार आठवला. दोन पुड्या घेताना चष्मेवाला म्हणाला होता, 'हिरव्याच्या पुडीला तेवढी गाठ मारा.' दुकानदार मान वाकडी करून फोनवर बोलत होता. त्याने गाठ मारली, पण कुठल्या पुडीला मारली हे बघायला लागणारे डोळे या गिऱ्हाइकाकडे कुठे होते!

आरडाओरडा ऐकून बायको आली. पहिल्यांदाच गॅरेजच्या आत. "काय चाललंय? दादा, काय झालं?"

"विचार तुझ्या नवऱ्याला! नापास झालो मी. आता एकच संधी उरली, महिन्याने. तीही गेली की घरी बसा."

दोघंही चष्मेवाल्याकडे बघत राहिले. खरं सांगावं तर जन्मभर या माणसाच्या तोंडून ऐकून घ्यायचं. त्यापेक्षा वैरी म्हणवून घेतलेलं बरं. वैऱ्याला निदान कोणी कीव दाखवत नाही.

"हो," तो म्हणाला. "मुद्दाम लावले."

"अहो, काय बोलताय?"

"खेळणं म्हणाले होते ना? खेळण्याने दाखवलं काय ते."

बायकोचा चेहरा पडला. ती आवाज न चढवता बोलली आणि तेच वाईट होतं. "दोन वर्षं तो झोपेत इंजिनांचे आवाज काढतो, मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. तुम्ही दोघं भांडता, मी म्हटलं भांडू देत, पुरुष आहेत. पण तुम्ही त्याच्या पोटावर उठाल असं नव्हतं वाटलं." मग भावाकडे वळून म्हणाली, "दादा, बॅग भर. मीही भरते."

कॅप्टन तिच्या मागोमाग जिना चढला. वर कपाटाचं दार करकरलं. चष्मेवाला प्लायवूडला टेकून उभा राहिला. मेहुणा एकटा जाणार असता तर त्याने दार उघडून धरलं असतं, वर बॅगही उचलून दिली असती. पण बायको जात होती, आणि न केलेल्या पापासाठी जात होती. इतकी भीती त्याला त्या ठिपक्यांच्या पुस्तकासमोरही वाटली नव्हती.

त्याने छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि वरच्या ओळीतला एक, खालच्या ओळीतला एक असे दोन दिवे काढले. जिन्याखाली जाऊन उभा राहिला. कॅप्टन बॅग घेऊन उतरला तसा त्याने तळहात पुढे केला.

"यातला हिरवा कोणता?"

"आता ही काय नवीन नाटकं?"

"सांगा. मला दिसत नाही."

"म्हणजे?"

"लाल आणि हिरवं मला वेगळं दिसत नाही. कधीच दिसलेलं नाही. मुद्दाम नाही लावले. मला माहीतच नव्हतं."

कॅप्टनने तळहाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि मग तो हसायला लागला. असा हसला की बॅग खाली ठेवून पायरीवर बसावं लागलं. "चष्मेवाला!" त्याने डोळे पुसले. "अरे, हा सगळ्या बाजाराचे डोळे तपासतो! आंधळं दळतंय आणि..." पुढचं त्याला हसण्यात बोलता येईना.

चष्मेवाला हलला नाही. तळहात तसाच पुढे. ज्या हसण्याच्या भीतीने त्याने आयुष्य काढलं ते हे होतं, आणि ते ऐकून घेण्यावाचून आता गत्यंतर नव्हतं.

बायको हातात बॅग घेऊन मधल्या पायरीवर उभी होती. ती हसत नव्हती. ती नवऱ्याच्या राखाडी सदऱ्याकडे बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "तुला लाल दिसत होते ना?"

"मग! मी काय आंधळा आहे?"

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

कॅप्टन हसायचा थांबला. "म्हटलं... एकदा पास झालो की चार लोकांत सांगू. विमान बांधलंय आणि दिवे उलटे. जरा गंमत."

"म्हणजे यांना दिसत नव्हतं म्हणून हे गप्प. आणि तुला दिसत होतं म्हणून तू गप्प." ती एक पायरी खाली आली. "मग तुला नापास कोणी केलं रे?"

कॅप्टन बुटांच्या नाड्यांकडे बघू लागला. स्वतःच्याच पायावर पाडलेला धोंडा बघायची जागाही तीच होती.

"आणि तुम्ही," ती नवऱ्याकडे वळली. "न केलेला गुन्हा घडाघडा कबूल केलात, आणि डोळ्यांचं सांगायला जीभ उचलली नाही. माझ्यापासूनसुद्धा लपवलंत. मी काय वैरीण होते तुमची?"

तिने बॅग जिन्यातच सोडली, त्याच्या तळहातावरचे दोन्ही दिवे उचलले आणि भावाच्या हातात कोंबले. "ऊठ. सगळे काढ आणि नीट बसव. तुला दिसतंय ना!"

त्या दुपारी दोघांनी दिवे बदलले. माफी कोणी मागितली नाही, आभार कोणी मानले नाहीत. कॅप्टनच्या जाड बोटांतून इवला स्क्रू निसटला तेव्हा चष्मेवाला गुडघ्यांवर बसून तो शोधत राहिला आणि कॅप्टनने पायसुद्धा बाजूला घेतला नाही.

"घ्या," चष्मेवाला म्हणाला.

"द्या," कॅप्टन म्हणाला. "आणि अंधारात चाचपडल्यासारखं करू नका. तुमची सवय असेल, मला घाई आहे."

संध्याकाळी पुन्हा इंजिनं घुमली आणि शेजारणीने थापा मारल्या. बायको दोन्ही खुर्च्यांच्या पाठी धरून मागे उभी होती. पडद्यावर धावपट्टी मोठी होत आली. चष्मेवाल्याने लिव्हर खाली ओढली. वरचे तीन दिवे लागले, विझले. खालचे तीन लागले.

"चाकं?"

"खाली," कॅप्टन म्हणाला. "तीन हिरवे." ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू.

चष्मेवाल्याने खालच्या ओळीकडे पाहिलं. मातकट पिवळे, कालच्यासारखेच. हा खरं बोलतोय की पुन्हा खेळतोय, हे त्या दिव्यांवरून त्याला मरेपर्यंत कळणार नव्हतं. मान डोलावणं अगदी सोपं होतं. ती डोलायला निघालीही होती. त्याने ती आवरली, खुर्चीत मागे वळला, आणि कॅप्टनला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"हिरवेच आहेत का गं?"

बायकोने वाकून नीट पाहिलं.

"हिरवेच आहेत," ती म्हणाली. "उतरवा आता."