दिवरोळची हद्द

ज्याच्या आडनावाच्या शेपटाला 'कर' लागलेला असतो, त्याची एका प्रश्नातून सुटका नसते. नाव सांगितलं रे सांगितलं की समोरचा विचारतोच, "म्हणजे मूळचे कुठले?" पेणकर पेण म्हणून मोकळे होतात, चिपळूणकरांना तर तेवढेही कष्ट पडत नाहीत. फणसवाडीच्या चिंतामणराव दिवरोळकरांना मात्र या प्रश्नाने बासष्ट वर्षं छळलं होतं. शाळेत मास्तरांनी विचारलं, कचेरीत हेडक्लार्कने विचारलं, मुलगी बघायला गेले तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी चहाच्या आधी विचारलं. "दिवरोळचे," असं म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठेवलेलाच, "हे दिवरोळ आलं कुठे?" आणि तिथे चिंतामणराव विषय बदलत.

कारण दिवरोळ कुठेच नव्हतं. कुलाबा, रत्नागिरी, ठाणे, तिन्ही जिल्ह्यांचे नकाशे त्यांनी भिंग लावून पाहिले होते. भेटेल त्या तलाठ्याला विचारलं होतं. एका लग्नात तर नवऱ्या मुलाचे मामा सर्व्हे खात्यात आहेत हे कळताच जेवणाच्या पंगतीत त्यांच्याशेजारी बसण्यासाठी दोन पाट ओलांडून गेले होते. मामांनी जिलबी संपवली आणि मान हलवली.

पेन्शनीत निघालेला माणूस एक तर देव धरतो, नाही तर कुलवृत्तांत. चिंतामणरावांनी दुसरं धरलं. एका आडनावाच्या सगळ्या शाखा, सगळी नावं, मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत असं सगळं गोळा करून एक जाड पुस्तक छापायचं, ते घरोघर कपाटात जाऊन बसतं आणि सहसा कोणी उघडत नाही. तरी ते असावं लागतं. दादरच्या हिंदू कॉलनीत राहणारा चुलतभाऊ मनमोहन, पेशाने वकील, कुलवृत्तांत समितीचा अध्यक्ष झाला. काम करायला चिंतामणराव होतेच.

त्यांनी छापील कार्डं पाठवली. रकाने चार: गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, इतर माहिती. गिरगाव, दादर आणि बडोद्याचं एक घर मिळून दिवरोळकर भरले एकोणीस.

"यात मी धरलेय का?" त्यांची मुलगी शैला हिने विचारलं. ती विल्सन कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि वडिलांची अक्षरं लावणं हे तिच्याकडेच होतं.

"लग्न होईपर्यंत."

"म्हणजे मी अर्धवट आहे."

चिंतामणराव हसले, पण तो आकडा त्यांनी दोनदा मोजून पाहिला होता. एकोणिसात पुरुष नऊ, त्यांतले तीन सत्तरीपुढचे. त्यांना स्वतःला मुलगा नव्हता. आणखी पन्नास वर्षांनी हे नाव विचारायलाही कोणी उरणार नाही, आणि ते आलं कुठून हे आजच कोणाला ठाऊक नव्हतं. गोत्राचे रकाने सगळ्यांनी झोकात भरले होते. मूळ गावाचा रकाना सगळ्याच कार्डांवर कोरा. गंमत म्हणजे 'इतर माहिती'त बहुतेकांनी एकच गोष्ट लिहिली होती: गावातल्या विहिरीचं पाणी फार गोड होतं, असं वडीलधारे सांगत. गाव हरवलं होतं, विहिरीची चव तेवढी पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर राहिली होती.

हे सत्तावन्न सालचं. निवडणुका आल्या होत्या आणि मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून शैला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कामाला जुंपली गेली होती. परळच्या कचेरीत बसून मतदारयाद्यांवरून चिठ्ठ्या लिहिणं हे तिचं काम. एका संध्याकाळी ती चपला न काढताच आत आली.

"बाबा, परळला आपली अकरा माणसं आहेत."

"परळला आपलं कोणी नाही."

"दिवरोळकर. अकरा मतदार, एका चाळीत. म्हणजे पोरंबाळं धरून तीस तरी असतील."

चिंतामणरावांनी तिने उतरवून आणलेली नावं पाहिली. बाबुराव सोनू, रामदास बाबुराव, बकुळा रामदास. त्यांना उलगडायला वेळ लागला नाही. कोकणातल्या कुठल्याही गावाचं नाव गावातले सगळेच लावतात, बामणवाडीपासून महारवाड्यापर्यंत. पण मग यांनी ते लावलं कधी, कुठे? नाव संपण्याची धास्ती होती तिथेच राहिली, पण तिच्या शेजारी कुतूहल उभं राहिलं आणि त्यांनी मनमोहनला न विचारता एक कार्ड परळला टाकलं.

आठव्या दिवशी कार्ड परत आलं. अक्षर शाळामास्तराचं, टपोरं. गोत्र: नाही. कुलदैवत: गेल्या डिसेंबरपासून नाही, आम्ही बौद्ध आहोत. आणि मूळ गावाच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून मजकूर कडेकडेने वर चढला होता: "दिवरोळ, जि. कुलाबा, खाडीच्या डाव्या अंगाला. खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, गाव उठलं. पुढे शेजारच्या गावात जमा केलं, म्हणून नकाशात सापडणार नाही. वडिलांना हद्द पाठ आहे. यावे. रामदास दिवरोळकर."

चिंतामणराव कार्ड हातात घेऊन खुर्चीत बसून राहिले. एकोणीस जणांनी कोरा सोडलेला रकाना गोत्र नसलेल्या माणसाने भरला होता. त्यांना आनंद झाला, आणि आपण गोत्राचा रकाना सगळ्यात वर छापला याची किंचित लाजही वाटली.

रविवारी ते आणि शैला ट्रामने परळला गेले. चाळीचा तिसरा मजला, खोली एकच, पण लखलखीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी बाबासाहेबांची, तिला ताजा हार. रामदास म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होता. त्याची बायको बकुळा हिने सतरंजी अंथरली. खिडकीपाशी बाबुराव बसले होते, पंचाहत्तरी ओलांडलेले, गिरणीत चाळीस वर्षं काढून कानाने अधू झालेले.

"यांचं आडनाव आपलंच हाय, बाबा," रामदास त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला.

"मंग बसा की," बाबुराव म्हणाले.

चिंतामणरावांनी पहिला प्रश्न तोच विचारला, जो जन्मभर लोक त्यांना विचारत आले होते. नाव कसं लागलं?

"गिरणीच्या दारावर बाबू बसलेला. बापाला म्हणाला, नाव? सोनू. आडनाव? आता आडनाव कुठलं असणार? मंग म्हणाला, गाव कुठला? दिवरोळ. त्यानं लिवलं दिवरोळकर. झालं."

चिंतामणरावांना हसू आलं. त्यांच्या पणजोबांचंही असंच झालं होतं. गावातून मुंबईत आले, फोर्टात कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या पेढीवर लेखनिक लागले आणि तिथल्या मोठ्या वहीत पहिल्यांदा दिवरोळकर झाले. मनमोहन सांगे ती पेशव्यांनी दिलेल्या नावाची गोष्ट घरातली, पण तिला कागदाचा आधार नव्हता. दोन्ही घरांना नाव एकाच रीतीने मिळालं होतं, टेबलामागे बसलेल्या कारकुनाच्या घाईतून. हे त्यांनी मोठ्याने सांगितलं तेव्हा बाबुरावही हसले.

"आणि हद्द पाठ आहे म्हणता?"

"पाठ नसून कसं चालंल? कामच होतं आमचं." शिवेचं भांडण निघालं की दोन्ही गावचे पंच जमत. बाबुरावांचा बाप गावच्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन चालू लागे. तो चालेल ती हद्द. खोटं चालला तर वंश बुडतो, अशी शपथ. मागून नऊ वर्षांचा बाबू चाले, कारण पुढे हे त्यालाच करायचं होतं. "आता राज्याच्या हद्दीसाठी एवढा दंगा चाललाय. आमच्या बापाला बोलवायला हवं होतं," म्हाताऱ्याने डोळा मिचकावला.

शैलाने मोठा कागद पसरला. बाबुरावांनी डोळे मिटले आणि ते चालू लागले, म्हणजे बसल्या जागी, पण चालल्यासारखंच. उंबराच्या झाडापासून निघायचं. डावीकडे ओहोळ धरून सात शेंदरी दगड. सातव्या दगडापासून बांधावर चढायचं, खाडी उजव्या हाताला. बांध संपतो तिथे खारफुटीत गाडलेली जात्याची तळी. तिथून डोंगराकडे तोंड करून दोन शेतं, मग पायवाट, मग महारवाडा, मग पुन्हा उंबर. शैलाची पेन्सिल धावत होती. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली, केसाचंही अंतर न राहता. चिंतामणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बासष्ट वर्षांनी त्यांना त्यांचं गाव दिसलं होतं.

बकुळाने पाण्याचे पेले आणले. चिंतामणराव घटाघटा प्यायले आणि पेला हातात असतानाच, अगदी सहज, लहान मुलाच्या उत्सुकतेने त्यांनी विचारलं, "आता आतलं सांगा. देऊळ कुठे, आमची घरं कुठे? आणि ती विहीर? पाणी फार गोड होतं ना तिचं?"

बाबुरावांनी डोळे उघडले. रामदासने खिडकीबाहेर पाहिलं.

"आत तुमी होतात," बाबुराव शांतपणे म्हणाले. "आमचं पाणी ओहोळाचं. विहिरीपाशी आमी कधी गेलो नाय. गोड होतं का खारट, ते तुमीच सांगा."

चिंतामणरावांनी पेला खाली ठेवला. ज्या एका आठवणीवर एकोणीस माणसं गाव सांभाळल्याचं समाधान मानत होती, ती त्यांनी कोणापुढे काढली होती! त्यांना मान वर करवेना. हात जोडून ते एवढंच म्हणाले, "चुकलो."

"त्यात तुमचं काय चुकलं, तुमचा तवा जन्म पण नव्हता," बाबुराव म्हणाले आणि त्यांनीच विषय बदलला. "मंग आता आपण झालो किती?"

शैलाने मोजलं. चाळीतले पोराबाळांसकट बत्तीस. इकडचे एकोणीस. "एकावन्न," ती म्हणाली.

"बरीच हाईत की," बाबुराव खूष झाले.

मनमोहन मात्र खूष झाला नाही. गाव सापडलं याचा त्याला आनंद झाला, पण उरलेलं ऐकून त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चिंतू, हा कुलवृत्तांत आहे की शिरगणती? गावाची माहिती छाप. ती कोणी सांगितली ते कशाला? आणि ती बत्तीस नावं कुठल्या शाखेखाली घालणार आहेस?"

"ज्याने रकाना भरला त्याचंच नाव गाळू? मग उरलं काय आपल्याकडे? गोत्र?"

"मग माझ्या घरची सहा नावं काढ."

चिंतामणराव चुलतभावाशी जन्मात भांडले नव्हते. त्या दिवशीही भांडले नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि सहा नावांवर हलकी रेघ मारली, पुसता येईल अशी. त्यांना फार वाईट वाटलं. ते निघताना मनमोहन दारापर्यंत आला आणि मवाळ आवाजात म्हणाला, "निदान तो नकाशा तरी बरा दिसू दे. नुसती कडा आहे आणि आत भोपळा. मधोमध एक देऊळ काढ, एक विहीर काढ. विचारायला कोण येणार आहे?"

हे मात्र चिंतामणरावांना पटल्यासारखं झालं. मोकळा कागद त्यांनाही बोचत होता. मुद्रितं घेऊन ते पुन्हा परळला गेले आणि बाबुरावांना म्हणाले, "विहीर अंदाजाने कुठे दाखवू? तुम्ही लांबून तरी पाहिली असेल."

"रहाटाचा आवाज यायचा सकाळी. महारवाड्यापातुर यायचा."

"मग त्या दिशेला दाखवतो एक गोल."

बाबुरावांनी मुद्रितावर हात ठेवला. हद्दीच्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, उंबरापासून उंबरापर्यंत, आणि आत जायच्या आधीच थांबवलं. "नको. जिथं पाय ठेवला नाय, तिथं खूण करायची नाय. बापानं शिकवलंय. ऱ्हाऊ दे मोकळं."

दिवाळीला पुस्तक निघालं. कुलवृत्तांत हा शब्द काढून वर छापलं होतं, 'दिवरोळ आणि दिवरोळकर'. पहिल्या पानावर माणसं पंचेचाळीस, पण कोणी विचारलं तर चिंतामणराव एकावन्न सांगत. त्यांत शैला होती, आणि लग्नानंतरही राहील असं त्यांनी तिच्या नावापुढे लिहून टाकलं होतं. नकाशाखाली दोन ओळी होत्या: 'हद्द श्री. बाबुराव सोनू दिवरोळकर यांनी सांगितली. आतलं सांगणारं कोणी उरलेलं नाही.'

बडोद्याहून एका पुतण्याचं पत्र आलं. पुस्तक छान आहे, पण नकाशाचं पान बिघडलेलं आलंय. कडा तेवढी उमटली आहे आणि मधला ठसा छापखान्याकडून राहून गेलाय. दुसरी प्रत पाठवावी.

चिंतामणरावांनी त्याच दिवशी कार्ड टाकलं. "चि. वीरेंद्र यास आशीर्वाद. प्रत बरोबर आहे. छापखान्याची चूक नाही. आपली आहे."