गणित बंद

इंटरच्या परीक्षेला दोन महिने उरले असताना शालिकराम सरांनी माझं गणित बंद केलं. मी वलगावच्या फुलमाळ्याचा पोरगा, अमरावतीच्या कॉलेजात गणितात माझा हात धरणारा कोणी नव्हता. प्रांतात गणितात पहिला येणारा आपल्या हातचा असावा, ही सरांची आयुष्यभराची हौस. आणि तेच सर म्हणाले, "भगवंत, आता फक्त इंग्रजी!"

मला संताप आला. दुसरा वर्ग मिळाला तरच बी.ए.ला फीमाफी होती. नाहीतर कॉलेज संपलं आणि मळा सुरू. पण तो हिशेब मी करून ठेवला होता. गणितात नव्वद टक्के, इंग्रजी आणि बाकीच्या दोन विषयांत कसेबसे पास. चारही विषयांची सरासरी काढली की दुसरा वर्ग आरामात येत होता.

"काहून सर? दुसरा वर्ग तर बसते माया."

"बसत नाही, लेका. इंग्रजीचे दोन पेपर, दोनशे मार्क. गणिताचे शंभरच. विद्यापीठ टक्क्यांची बेरीज नाही करत, मार्कांची करते. इंग्रजी दुप्पट धर आन् पाचानं भागून पाह्य बरं."

भागून पाहिलं. वर्ग थोडक्यात हुकत होता. माझं तोंड उतरलं.

इंग्रजी शिकवायचे केशवराव. त्यांचं आणि सरांचं कशावरून तरी बिनसलं होतं, वर्षभर बोलणं बंद. त्याच संध्याकाळी सर मला घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

"केशवराव, हे पोरगं तुमच्या हवाली. मायासंग बोलू नका पायजे तर, पण याले शिकवा."

केशवराव दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "आत तरी या." त्यांनी मला इंग्रजीत असं काही पिळून काढलं की मी दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घातल्या.

निकाल लागला. मला दुसरा वर्ग मिळाला. गणितात मात्र घसरलो आणि प्रांतात पहिला आला अकोल्याचा चंद्रभान. माझे बाबा नत्थुजी मोगऱ्याचा हार घेऊन आले, तो त्यांनी माझ्या हाती दिला आणि आम्ही सरांकडे गेलो. दारातच मला रडू फुटलं.

"सर, तुमचा पहिला नंबर गेला."

"गेला न. वाईट वाटलं मले, खोटं काहून बोलू?" सर म्हणाले. "पण पहिला नंबर मले पायजे होता आन् वर्ग तुले. त्यातलं वजन कोणाचं जास्त, एवढंबी गणित मले येत नसन, तर मी शिकवतो कायले?"

मी त्यांचे पाय धरले. त्या दिवसाइतकं कृतज्ञ मला पुन्हा कधी वाटलं नाही. बाबांना आमच्या बोलण्यातलं फारसं कळलं नसावं, पण त्यांनी माझ्या हातातला हार घेतला आणि स्वतःच सरांच्या गळ्यात घातला.